स्पोर्ट्स कारच्या ॲल्युमिनियम ट्रिमचं ॲनोडायझिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ॲनोडायझिंग म्हणजे ॲसिडच्या टाकीत वीज सोडून ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढवणं. हा थर पारदर्शक असतो. पट्टीवर ओरखडा, पोचा किंवा पॉलिशची लाट राहिली असेल तर हा थर ती झाकत नाही, उलट ती जास्त उठून दिसते. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ ॲसिडच्या टाकीपर्यंत पोहोचण्याआधीच जातो, आणि तो तसा जायलाच हवा. काचेभोवतीच्या पट्ट्या, ग्रिलच्या कडा, डॅशबोर्डवरच्या रिंगा, दाराखालच्या पट्ट्या असे छोटे भाग छोट्या टाकीत उत्तम होतात. मीटरभर लांबीच्या पट्ट्यांना तेवढीच लांब टाकी लागते. त्या कारखान्यात देणं शहाणपणाचं. तिथे देताना काय सांगायचं ते पुढे येईलच.

चाकं, सस्पेन्शनचे भाग आणि स्टिअरिंगचे जोड मात्र या यादीतून कायमचे बाहेर ठेवा. ऑक्साइडचा थर ठिसूळ असतो, वारंवार ताण पडणाऱ्या भागात भेग तिथूनच सुरू होऊ शकते आणि भागाचं थकव्याविरुद्धचं बळ कमी होतं. पोर्श ९११ ची फोर्ज केलेली फुक्स चाकं ॲनोडाइझ होऊन यायची हे खरं, पण तो थर, ते मिश्रधातू आणि ती चाचणी कारखान्याची होती.

पट्टी नेमकी कशाची आहे

चकाकणारी प्रत्येक ट्रिम ॲल्युमिनियमची नसते. जुन्या गाड्यांमध्ये स्टेनलेस स्टील, क्रोम केलेलं पितळ आणि क्रोम केलेलं जस्ताचं डायकास्टिंगही (साच्यात दाबाने ओतलेला भाग) सापडतं. यातलं काहीही ॲनोडायझिंगच्या टाकीत चालत नाही. जस्त तर ॲसिडमध्ये विरघळायलाच लागतं. लोहचुंबकावर विसंबू नका. तो स्टेनलेसच्या काही जातींना चिकटतो, काहींना नाही, आणि जस्त व पितळ यांना तर चिकटतच नाही. वजन आणि घनफळ ही खात्रीची परीक्षा आहे. भाग ग्रॅममध्ये तोला, मग मापाच्या भांड्यातल्या पाण्यात पूर्ण बुडवून पाणी किती मिलीलिटर चढलं ते पाहा आणि भागाकार करा. उत्तर २.७ च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम, ७ च्या आसपास असेल तर जस्त आणि ८ च्या जवळ असेल तर स्टील किंवा पितळ.

ॲल्युमिनियम आहे हे कळलं तरी मिश्रधातू कोणता हा प्रश्न उरतोच. १०५०, ५००५, ५०५२, ६०६३ आणि ६०६१ या जातींवर स्वच्छ, एकसारखा थर येतो. तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या २०२४ वर थर पिवळसर आणि मऊ येतो. डायकास्टिंगमध्ये सिलिकॉन भरपूर असतं आणि ते ऑक्साइडमध्ये बदलत नाही, तसंच अडकून राहतं. त्यामुळे ओतीव भाग करडे, डागाळ निघतात, मग ते कितीही पॉलिश केलेले असोत. अशा भागांना पावडर कोटिंग किंवा रंग बरा. वेल्डिंग झालेल्या पट्टीचंही तसंच: ४०४३ फिलर (जोडात वितळवून भरायची तार) वापरला असेल तर जोड काळपट दिसतो. दुरुस्ती अजून करायची असेल तर वेल्डरला ५३५६ वापरायला सांगा, म्हणजे फरक बराच कमी राहील.

पोचे काढणं, वाक सरळ करणं, भोकं पाडणं हे सगळं आत्ताच उरकून घ्या. ॲनोडाइझ झालेली पट्टी वाकवली की थराला केसासारखे तडे जातात. स्टीलचे स्टड, क्लिप, रिबेट काढून टाका. टाकीत ते विरघळतात आणि करंट स्वतःकडे ओढून घेतात.

जुना थर काढणं

मूळ ट्रिमवर बहुधा आधीचं ॲनोडायझिंग असतं. मल्टिमीटरचे टोक हलकेच टेकवून पाहा. वीज जात नसेल तर थर आहे. टोक खुपसू नका, थर टोचला जाऊन चुकीचं उत्तर मिळेल. पारदर्शक लॅकर असेल तर तेही वीज अडवतं, म्हणून आधी पेंट रिमूव्हरने ते काढा.

ऑक्साइड काढायला कॉस्टिक सोडा वापरतात: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, तापमान ४० अंशांच्या आसपास, भांडं प्लॅस्टिकचं किंवा स्टेनलेसचं. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. पूर्ण डोळे झाकणारा गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि उघडी हवेशीर जागा या तीन गोष्टींशिवाय डबासुद्धा उघडू नका. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर इजा ॲसिडपेक्षा खोल होऊ शकते. असं झालंच तर वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टरकडे जायचं.

सुरुवातीला काहीच होत नाही, कारण सील केलेला, म्हणजे छिद्रं मिटवलेला, थर टिकाव धरतो. मग कुठेतरी बुडबुडे सुरू होतात. जिथे ते आधी सुरू होतात तिथे उघडा धातू आधी खाल्ला जातो. म्हणून पट्टी एकेका मिनिटाने बाहेर काढून धुवा आणि पाहा. सगळीकडे सारखे बुडबुडे आले की थांबायचं. पाच मिनिटं जास्त ठेवली तर पृष्ठभाग मॅट आणि खरबरीत होतो आणि पॉलिशचं काम दुप्पट होतं. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ज्योत किंवा ठिणगी नको.

कॉस्टिकमधून निघालेल्या पट्टीवर काळपट काजळी असते. ती मिश्रधातूतल्या न विरघळलेल्या घटकांची असते. नायट्रिक ॲसिड आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात मिनिटभर बुडवल्यावर ती निघते. घरच्या मांडणीत नायट्रिक ठेवायचं नसेल तर फेरिक सल्फेटवर आधारलेली तयार डीस्मट (काजळी काढणारी) द्रावणं मिळतात आणि आमच्या मते नवख्यांनी तीच घ्यावीत. नायट्रिकमध्ये तांबं किंवा पितळ चुकून पडलं तर तपकिरी विषारी वाफ उठते.

पॉलिश

३२० च्या पेपरने सुरुवात करा, मग ४००, ६००, ८०० आणि १०००. सगळे ओल्याने. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या दिशेला आडवा फिरवायचा, म्हणजे मागचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. एखादी पायरी गाळली तर पॉलिशच्या चकाकीत ते लपतात आणि थर आल्यावर पुन्हा वर येतात. मग कापडी चाकावर आधी कापणारं कंपाउंड, नंतर वेगळ्या चाकावर चमक देणारं पांढरं. चाक फार दाबू नका. तापलेल्या कंपाउंडचं मेण धातूत भाजल्यासारखं बसतं आणि पुढे तिथे डाग पडतो.

मूळ कारखान्यांची आरशासारखी चमक बहुधा गरम फॉस्फोरिक आणि नायट्रिकच्या बाथमधून येते. ९० अंशांच्या वरच्या त्या मिश्रणाच्या वाफा जीवघेण्या असतात. तो प्रयोग घरी करायचा नाही. हाताने पॉलिश केलेला भाग ॲनोडायझिंगनंतर किंचित मंद होतो, हे धरूनच चाला.

नंतर ग्रीस काढणं. ॲल्युमिनियमला चालणाऱ्या सौम्य डिटर्जंटचं ६० अंशांचं पाणी, मऊ ब्रश, मग भरपूर धुणं. परीक्षा सोपी आहे: पट्टीवरून पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं पाहिजे. कुठे थेंब गोळा होत असतील तर तिथे तेल आहे आणि नेमका तिथेच रंग धरणार नाही. इथून पुढे उघड्या बोटाने भागाला हात लावू नका.

टाकी आणि ॲसिड

टाकी पॉलिप्रोपिलीनची किंवा जाड पॉलिथिनची. २० लिटरच्या बाथसाठी बॅटरीचं १.२८ घनतेचं सल्फ्युरिक ॲसिड ८ लिटर आणि डिस्टिल्ड पाणी १२ लिटर. यातून लिटरमागे साधारण १९० ग्रॅम ॲसिड येतं, म्हणजे वजनाने १७ टक्के. आधी पाणी, त्यात हळूहळू ॲसिड, क्रम उलटा कधीच नाही. मिश्रण तापतं, म्हणून थंड होईपर्यंत थांबा. हायड्रोमीटरवर ते १.११ ते १.१२ दाखवेल. नळाचं पाणी वापरायचं नाही. त्यातल्या क्लोराइडमुळे पट्टीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते कशानेही निघत नाहीत. शेजारी खाण्याच्या सोड्याचं पाणी बादलीभर ठेवा, सांडलेल्या ॲसिडसाठी.

कॅथोडसाठी, म्हणजे सप्लायच्या निगेटिव्हला जोडायच्या पट्टीसाठी, शिसं चालतं, पण त्याचा गाळ विषारी असतो. ६०६३ ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या टाकीच्या दोन्ही बाजूंना लावल्या तर काम चांगलं होतं. त्यांचं एकूण क्षेत्रफळ भागाच्या निम्म्याएवढं पुरतं. भाग आणि कॅथोड यांत निदान ८ ते १० सेंटिमीटर अंतर हवं. तळाशी मत्स्यालयाच्या पंपाची हवेची नळी सोडा. बुडबुड्यांनी द्रावण हलतं राहतं आणि भागाजवळची उष्णता वाहून जाते. तेल लावलेल्या कॉम्प्रेसरची हवा नको.

तापमान १८ ते २२ अंश ठेवायचं. २४ च्या वर गेलं की ॲसिड थर जितका बनतो तितकाच विरघळवू लागतं आणि थर खडूसारखा भुकटी होतो. फार थंड बाथमध्ये थर कडक आणि घट्ट येतो, त्यात रंग नीट शिरत नाही. टाकी एका मोठ्या टबात ठेवून भोवती बर्फाचं पाणी घाला. ॲसिडमध्येच बर्फाच्या बाटल्या सोडण्यापेक्षा हे सुरक्षित.

क्षेत्रफळाचा हिशेब

नवशिक्यांची सर्वाधिक कामं इथे बिघडतात, कारण ते व्होल्ट लावतात आणि बाकी नशिबावर सोडतात. हिशेब अँपिअरचा असतो.

क्षेत्रफळ चौरस डेसिमीटरमध्ये मोजा, म्हणजे १० सेंमी गुणिले १० सेंमी. समजा ३० सेंमी लांब आणि उलगडून ४ सेंमी रुंद अशा चार पट्ट्या आहेत. एका पट्टीची एक बाजू १२० चौरस सेंमी, दोन्ही मिळून २४०, चारींच्या ९६०. म्हणजे ९.६ चौरस डेसिमीटर. मागची बाजू विसरू नका, ॲसिडला पुढची-मागची कळत नाही. भाग टांगायच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा बुडालेला भागही मोजायचा. सगळं मिळून १० धरलं आणि दर चौरस डेसिमीटरला १.५ अँपिअर दिले तर १५ अँपिअर.

थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) काढायला एक कामचलाऊ सूत्र पुरतं: जाडी म्हणजे ०.३ गुणिले अँपिअर दर चौरस डेसिमीटर गुणिले मिनिटं. १.५ अँपिअरवर १५ मायक्रॉनला साधारण ३५ मिनिटं, २० मायक्रॉनला ४५. बाहेरच्या ट्रिमसाठी १५ पेक्षा कमी नको; काळ्या रंगाला २० तरी हवेत. डॅशबोर्डच्या आतल्या रिंगेला १० पुरतात. थराचा साधारण एक तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो, तेव्हा १५ मायक्रॉनला दर बाजूला ५ मायक्रॉन. पट्टीला फरक पडत नाही, पण बारीक आट्यांचा स्क्रू घट्ट होतो. अशा भोकांत सिलिकॉन रबराचे बूच घाला.

पॉवर सप्लाय डीसी आणि करंट स्थिर ठेवणारा असावा, २० व्होल्टपर्यंत जाणारा. १५ अँपिअर आणि १५ व्होल्ट म्हणजे २२५ वॉटची उष्णता. ३५ मिनिटांत २० लिटरचा बाथ थंड न करता ६ अंशांहून जास्त तापतो. बर्फाच्या पाण्याचा टब हौसेसाठी सांगितलेला नाही.

तार, आणि मग करंट

भाग फक्त ॲल्युमिनियमच्या किंवा टायटॅनियमच्या तारेला टांगायचा. तांब्याची किंवा स्टीलची तार ॲसिडमध्ये गेली तर ती विरघळते, करंट तिथूनच वाहतो आणि बाथही खराब होतो. जोड नुसता अडकवलेला नको, दाबून बसलेला हवा. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे सैल जोडाच्या फटीत थर वाढला की तो भाग सर्किटमधून बाहेर पडतो. टाकीत तो दिसायला बाकीच्यांसारखाच असतो. रंगाच्या भांड्यात गेल्यावर कोराच राहतो. जिथे तार टेकते तिथे थर येत नाही आणि बारीक खूण राहते, म्हणून पट्टीच्या दुमडलेल्या मागच्या कडेवर जागा निवडा. ॲल्युमिनियमची तार प्रत्येक वेळी कॉस्टिकमध्ये स्वच्छ करावी लागते. टायटॅनियमला ते लागत नाही.

भाग सप्लायच्या पॉझिटिव्हला, कॅथोड निगेटिव्हला. करंट मिनिट-दीड मिनिटात हळूहळू पूर्ण मापावर न्या. मग व्होल्टमीटरवर नजर ठेवा. व्होल्टेज १२ ते १८ च्या दरम्यान असतं आणि थर जाड होत जाईल तसं किंचित चढतं. ते एकदम उसळलं तर कुठला तरी जोड तुटलाय आणि सगळा करंट उरलेल्या भागांतून जातोय. लगेच बंद करा. तारा धरून हलवून पाहायचा मोह टाळा. करंट चालू असताना जोड हलला की तिथे ठिणगी पडते आणि वर कॅथोडचा हायड्रोजन असतो. खोलीत आरपार वारा हवा. बुडबुड्यांबरोबर ॲसिडचे बारीक तुषारही उडतात, ते घशाला झोंबतात.

वेळ संपली की डिस्टिल्ड पाण्यात दोनदा धुवा. दुमड आणि आंधळी (आरपार नसलेली) भोकं पिचकारीने धुवा. तिथे अडकलेलं ॲसिड रंगाच्या भांड्यात झिरपतं आणि पांढरे ओघळ पाडतं. धुण्याचं पाणी थंडच हवं, कारण गरम पाणी छिद्रं बंद करायला लागतं. आणि भाग वाळू देऊ नका.

रंग

या क्षणी थरात असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडी आहेत आणि रंग त्यांतच बसतो. ॲनोडायझिंगसाठीचाच सेंद्रिय रंग घ्या. लिटरला २ ते ५ ग्रॅम, काळ्याला १० ग्रॅम, तापमान ५५ ते ६०, पीएच ५ ते ६, वेळ ५ ते १५ मिनिटं. हवी त्यापेक्षा किंचित गडद छटा आली की काढा, सीलिंगमध्ये थोडा रंग जातो. छटा हलकी आली आणि भाग ओलाच असेल तर पुन्हा बुडवता येतो.

बाहेरच्या ट्रिमबद्दल स्पष्ट सांगायला हवं. लाल, गुलाबी, जांभळे आणि बरेचसे निळे सेंद्रिय रंग उन्हात उडतात. गाडी उन्हात उभी राहणार असेल तर हे रंग आतल्या भागांपुरते ठेवा. सोनेरीसाठी फेरिक अमोनियम ऑक्झलेट उन्हात टिकतं. कांस्य ते काळ्यापर्यंतच्या छटा खऱ्या अर्थाने टिकाऊ हव्या असतील तर इलेक्ट्रोलिटिक पद्धत आहे. तिच्यात टिन सल्फेटच्या बाथमध्ये एसी करंट देऊन छिद्रांच्या तळाशी कथील बसवतात. खिडक्यांच्या प्रोफाइलना तीच वापरतात. ते काम कारखान्याचं. रंग न देता साधी चंदेरी पट्टी ठेवणं हा अर्थात सगळ्यांत निर्धोक पर्याय आहे आणि जुन्या गाडीला बहुधा तोच शोभतो.

एका गाडीचा संच एकाच बाथमध्ये, एकाच दिवशी करा. वेगळ्या मिश्रधातूची एकच पट्टी त्यात असली तरी ती वेगळी दिसेल.

सीलिंग

उघडी छिद्रं मळ, मीठ, तेल सगळं शोषून घेतात. उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात, ९६ अंशांच्या वर, ऑक्साइड पाणी घेऊन फुगतं आणि छिद्रं मिटतात. मायक्रॉनमागे ३ मिनिटं धरा; १५ मायक्रॉनला ४५ मिनिटं. घाई इथे सगळ्यांत महाग पडते. नळाच्या पाण्यातल्या सिलिकेट आणि फॉस्फेटमुळे सीलिंग अडतं आणि वर पांढरी पूड चढते. रंगीत भागांना आधी निकेल ॲसिटेटचं द्रावण, लिटरला ५ ग्रॅम, ८० ते ८५ अंशांवर १० ते १५ मिनिटं दिलं की रंग सांडत नाही. मात्र निकेल त्वचेला ॲलर्जी आणतं आणि त्याची पूड श्वासात जाणं घातक आहे. ते द्रावण नाल्यात ओतता येत नाही. रासायनिक कचरा म्हणूनच द्यायचं.

सीलिंग झालं का ते पाहायला मागच्या बाजूला रंगाचा एक थेंब ठेवा, ५ मिनिटांनी धुऊन पुसा. डाग राहिला तर पुन्हा उकळत्या पाण्यात.

बिघाड कुठून येतात

कडा आणि तारेजवळचा भाग भुरकट, हाताला पूड लागते: करंट क्षेत्रफळाच्या मानाने जास्त किंवा द्रावण हललं नाही. थर सगळीकडेच मऊ: बाथ तापला. रंग ढगाळ, बोटांच्या ठशांसकट: ग्रीस. रंग धुतल्यावर निघून जातो: थर पातळ, म्हणजे क्षेत्रफळ कमी मोजलं किंवा जोड सुटला. रंग अजिबात शिरत नाही, पण मल्टिमीटर थर दाखवतो: मधल्या धुण्यात गरम पाणी वापरलं किंवा भाग वाळला. थरात केसांएवढे तडे: भाग नंतर वाकवला, किंवा ८० अंशांच्या वर तापला. ऑक्साइड ॲल्युमिनियमच्या मानाने फारच कमी प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिनाजवळच्या भागांवर असे तडे येणारच. ते दोष मानू नका.

बिघडलेला भाग पुन्हा कॉस्टिकमध्ये घालून सुरुवातीपासून करता येतो, पण प्रत्येक फेरीत धातू कमी होतो. पातळ पत्र्याच्या पट्टीला दोन फेऱ्यांपेक्षा जास्त देऊ नका. पहिला प्रयोग त्याच जातीच्या तुकड्यावर करा, मूळ पट्टीवर नाही.

कारखान्यात देताना

लेखी द्या: मिश्रधातू, थराची जाडी, चकचकीत की मॅट, रंग, आणि तार कुठे लावायची. आयएसओ ७५९९ या ॲनोडायझिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात जाडीचे वर्ग एए १०, एए १५, एए २० असे असतात. आकडा म्हणजे किमान सरासरी मायक्रॉन. बाहेरच्या ट्रिमला एए १५ किंवा वरचा मागा. "कॉस्टिक एच नको, पॉलिश तसंच ठेवा" हे वाक्य ठळक लिहा (एच म्हणजे पृष्ठभाग रसायनाने खाऊन मॅट करणं), कारण कारखान्यांत बहुतेक भाग सरसकट कॉस्टिकमधून जातात आणि तुमची सगळी मेहनत पाच मिनिटांत मॅट होते. पट्ट्या मोजून, फोटो काढून द्या.

गाडीवर बसवणं आणि धुणं

क्लिप बसवताना स्टीलची कड थराला खरवडू देऊ नका. खरवडलेल्या जागी ओल आणि मीठ साचलं की तिथून ॲल्युमिनियम गंजतं. स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला. धुण्यासाठी पीएच ७ च्या जवळचा शाम्पूच वापरा. तीव्र अल्कली क्लीनर आणि चाकांसाठीचे ॲसिड क्लीनर दोन्ही ऑक्साइड विरघळवतात. पट्टीवर पांढरे ओघळ आले की ते पुसून जात नाहीत. मेटल पॉलिशही नको, ते थरच घासून काढतं. मेणाचा पातळ हात चालतो.